स्प्रेच्या डब्याने बॉनेट रंगवताना पट्टे का उठतात?

चाळीसगाव_घाट

राम राम मंडळी. गाडी चांदी रंगाची मेटॅलिक हॅचबॅक, बारा वर्षांची. उन्हाने बॉनेटवरचं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्र्यांसारखं सुटतंय आणि पुढच्या बंपरचा एक कोपरा खरचटलाय. थेट गाडीवर हात टाकण्याआधी भंगारातल्या एका दारावर ४०० मिलीच्या डब्याने नमुना मारून पाहिला. समोरून बरा दिसतो, तिरकं पाहिलं की आडवे गडद-फिके पट्टे. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत. पत्र्याची शेड, दुपारचे चार, कूलर चालू. डबा एक वीत अंतरावर धरला होता.

डबे किती लागतील, पेपर कोणत्या नंबरचे, आणि हे काम एप्रिल-मे मध्ये होतं की दिवाळीनंतरच करायचं?

तापीकाठ

भाऊ, पट्टे आणि खरखर ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. रंग पत्र्यावर ओला पोचला पाहिजे. तुमचा अर्धा हवेतच वाळला. ४२-४३ अंशांत, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये, थेंबातलं थिनर वाटेतच उडून जातं आणि पत्र्यावर बसते ती कोरडी पूड. तीच हाताला लागते. पट्ट्यांचं कारणही तेच : पहिल्या ओळीची कड दुसरी ओळ येईपर्यंत सुकून गेली, मग दोन्ही ओळी एकमेकींत मिसळल्याच नाहीत. साध्या पांढऱ्या रंगात हे खपून जातं. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ओल्या रंगात ते आडवे पसरतात, कोरड्यात वेडेवाकडे उभे राहतात, म्हणून तिरकं पाहिलं की छटा बदलते.

एक वीत अंतर ठीक आहे, २० ते २५ सेंमी. चूक वेळेची आहे. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सहा ते साडेआठ, गाडी रात्रभर सावलीत उभी करून. पत्र्याला तळहात लावल्यावर ऊब जाणवली तर त्या दिवशी डबा उघडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा, पण तेव्हा सकाळी नऊच्या आत नको, दव असतं आणि डबाही गारठलेला असतो. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, तो काळ सोडूनच द्या.

कूलर बंद. एक तर तो ओलावा आणि धूळ दोन्ही फेकतो, दुसरं म्हणजे डब्यातून रंग ढकलणारा गॅस पेट घेणारा असतो आणि कूलरच्या बटणाची एक ठिणगी पुरते. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पण वारा थेट बॉनेटवर नको. अंगणात टाकतो तसा सडा जमिनीवर टाका, काळ्या मातीची धूळ बसून राहते. डबकी साचवायची नाहीत.

आता हात. डबा हलवताना आतली गोळी वाजायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं मोजा. मेटॅलिकमध्ये कण तळाशी बसतात, अर्धवट हलवलेला डबा एकसारखी छटा मारत नाही. बटण बॉनेटच्या कडेबाहेर दाबायचं, हात सेकंदाला साधारण फूटभर सरकवायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. मनगट वळवायचं नाही, खांद्यापासून हात न्यायचा. मनगट वळलं की मधे जाड आणि टोकांना पातळ बसतो. पुढची ओळ आधीच्या ओळीच्या निम्म्यावर चढली पाहिजे.

पहिला हात हलका, खालचा प्रायमर दिसत राहील इतका. मग दोन मध्यम हात, एक आडवा, एक उभा. दोन हातांत सकाळच्या वेळी ८-१० मिनिटं, थंडीत १५. ओली चमक जाऊन रंग एकसारखा मंद दिसला की पुढचा हात. झाकणारा थर एका दमात द्यायचा मोह आवरा, ओघळ त्यातूनच येतात.

मेटॅलिकची खरी युक्ती शेवटच्या हातात आहे. आधीचा हात अजून जरासा ओलसर असतानाच डबा ४० सेंमीवर न्यायचा आणि पूर्ण बॉनेटवर भुरभुर तुषार सोडायचा, आडवा-उभा दोन्ही. कण एकसारखे पसरतात, पट्टे विरतात. हा हात जास्त कोरडा पडला तर मात्र पुन्हा खरखर, म्हणून उन्हाळ्यात ३० सेंमीच्या पुढे जाऊ नका.

जिनिंग_रोड

वरचं सगळं बरोबर, पण तयारी कच्ची असेल तर हात कितीही सराईत असो, उपयोग नाही.

सुटणारं लॅकर जिथे सुटलंय तेवढंच घासून चालत नाही. आज जे चिकटलेलं दिसतंय ते पुढच्या उन्हाळ्यात सुटेल आणि वरचा नवा रंगही घेऊन जाईल. बॉनेट कडेपासून कडेपर्यंत घ्या. ठोकळ्यावर ३२० चा वॉटर पेपर लावून सगळं जुनं लॅकर उतरवा. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या रेघा मेटॅलिकखालून दिसतात. जुन्या थराची पायरी नखाला लागेनाशी झाली पाहिजे. मग ५००. कुठे पत्रा उघडा पडला किंवा खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरून १८०, मग ३२०. प्रायमरचे दोन-तीन हात, पूर्ण वाळू द्यायचा, आणि पाणी घालून ८०० ने घासायचा. ६०० वर थांबलात तर चांदी रंगात ओरखडे दिसतील. चांदी रंग काही लपवत नाही भो.

प्रायमरआधी एक परीक्षा करा. चिंधीला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून जुन्या रंगावर कोपऱ्यात चोळा. कपड्याला रंग आला तर गाडी आधी कुणीतरी हलक्या प्रतीच्या रंगाने रंगवलेली आहे. त्यावर डब्यातलं थिनर पडलं की रंग सुरकुततो. तसं असेल तर तो थर पूर्ण काढावा लागेल.

आपल्याकडचं बोअरचं पाणी हा वेगळा त्रास. घासताना चालेल, पण शेवटची धुलाई आरओच्या पाण्याने करा. क्षाराचे पांढरे डाग रंगाखाली राहिले की पुढे फोड येतात. बॉनेटच्या दुमडीत आणि वॉशरच्या भोकात साचलेलं पाणी ऐन रंग मारताना ओघळतं, तिथे आधी हवा मारा.

पुसायला जुनं सुती धोतर-साडी नको, तंतू सोडतं. जिनिंग चालू असतानाच्या दिवसांत तर हवेतही कापूस असतो. मायक्रोफायबरचा कपडा, त्यावर वॅक्स-ग्रीस काढायचं द्रव. एका कपड्याने ओलं पुसा, सुकायच्या आत दुसऱ्याने कोरडं. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. रंगात मधेच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते सिलिकॉन : डॅशबोर्डची पॉलिश, टायरची चमक, हे फवारे त्या शेडमध्ये आणूच नका.

डबे : तुमच्या बॉनेटला आणि बंपरच्या कोपऱ्याला मिळून प्रायमर १, रंग २, लॅकर २. रंगाचा एक जादा घ्या, आणि रंगाचे तिन्ही डबे एकाच वेळी, एकाच मिश्रणातून भरून घ्या. रंगाचा कोड बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. कोड जुळला तरी बारा वर्षं उन्हात तापलेल्या चांदी रंगाशी छटा तंतोतंत जुळेल असं नाही. पेट्रोलच्या तोंडावरचं बाहेरचं रंगीत झाकण काढून दुकानात न्या, पॉलिश करून मगच जुळवा.

भुसावळ_आउटर

माझं मत थोडं वेगळं आहे. बंपर डब्याने कराच, पण बॉनेट हा डब्याचा सगळ्यात अवघड भाग. आडवा, रुंद, आणि नजर थेट तिथेच जाते. डबा खाली झुकवून मारला की आतली नळी रंगाऐवजी गॅस ओढते आणि तोंडातून ठिपके उडतात. त्यामुळे बॉनेट काढून घ्या. बिजागरीचे बोल्ट सैल करण्याआधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारा, नाहीतर परत बसवताना फटी जुळत नाहीत. वॉशरची नळी सोडवा. दोन माणसं लागतात. मग गोधडी टाकलेल्या दोन स्टुलांवर भिंतीला तिरकं टेकवून मारा, डबा उभाच राहतो.

काढणं शक्य नसेल तर आपल्याकडची कड आधी घ्या, मध्यापर्यंत जा, पलीकडे वळसा घाला आणि मध्यापासून बाहेर या. मधली कड ओली असतानाच दुसरी बाजू सुरू झाली पाहिजे, म्हणून पायाखालची वाट मोकळी ठेवा.

डब्यात पाव भाग उरला की तो बॉनेटवर वापरू नका, दाब कमी होऊन थेंब मोठे पडतात. दर हातानंतर बटणाचं तोंड पुसा. थंडीत डबा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवता येतो. उन्हाळ्यात उलट, तो गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, ५० अंशांपुढे डबा फुटू शकतो.

लॅकरबाबत : साधं एक घटकाचं लॅकर पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतं आणि आपल्या उन्हात लवकर मरतं. बॉनेटला दोन घटकांचं घ्या. डब्याच्या तळाची पिन दाबली की हार्डनर (लॅकर कडक करणारा दुसरा घटक) मिसळतो, तिथून साधारण दिवसभरात डबा संपवावा लागतो. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाची वाफ फुप्फुसांना वाईट. रुमाल किंवा धुळीचा मास्क तिथे निरुपयोगी, सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. ते घ्यायचे नसतील तर साधंच लॅकर मारा.

रंगानंतर अर्ध्या तासाने लॅकरचा एक हलका हात, दहा मिनिटांनी दोन भरघोस ओले हात. मधे मेटॅलिक घासायचं नाही. कचरा बसला आणि घासावंच लागलं, तर त्यावर पुन्हा रंगाचा हात दिल्याशिवाय लॅकर नाही, नाहीतर डाग कायमचा.

चाळीसगाव_घाट

बॉनेट काढतोच. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला वेगळं काही? आणि कोपराच रंगवायचा तर जुन्या-नव्याची रेघ कशी टाळायची?

तापीकाठ

उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात, तो नसेल तर रंग नखाने सुटतो. वाळायची वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती पाळा. खरचटलेल्या जागी प्लास्टिकचे केस उभे राहतात, ते ब्लेडने कापून मग ४०० ने घासा.

रेघेसाठी मास्किंग टेप सपाट चिकटवू नका. टेपची कड मागे दुमडून गोल सुटी ठेवा, रंग तिच्याखाली विरत जातो. रंग कोपऱ्यापुरता, पण प्रत्येक हात आधीच्यापेक्षा चार बोटं पुढे न्यायचा. लॅकर मात्र पूर्ण बंपरला, किंवा निदान बंपरच्या एखाद्या नैसर्गिक घडीपर्यंत. सपाट भागाच्या मधे थांबवलेलं लॅकर काही महिन्यांनी कडेने उचलायला लागतं. त्याआधी उरलेला बंपर १००० ने हलका घासून मंद करून घ्या.

पॉलिशची घाई नको : दोन घटकांचं लॅकर एक दिवस, साधं असेल तर आठवडा. कचऱ्याचे कण १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून, मग रबिंग कंपाउंड. कडांना टेप लावून ठेवा, तिथे लॅकर सगळ्यात पातळ असतं आणि एका फेरीत उडतं. वॅक्स महिनाभर नको.

आणि नमुन्याचं ते दार फेकू नका. सकाळी सातला, कूलर बंद करून, त्याच्यावरच पुन्हा मारून बघा.