घरात लिव्हर कॅन्सर असेल तर जीन टेस्ट करावी का?

सह्यवारा:
बाबांना लिव्हर कॅन्सर निघाला. दारूला आयुष्यात हात लावला नाही त्यांनी, फक्त शुगर होती आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. सख्ख्या काकांनाही सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आहे, तेही न पिणारे. आता चाळिशीत माझ्या रिपोर्टातही फॅटी लिव्हर ग्रेड टू आलंय आणि झोपच उडालीय. पीएनपीएलए३ जीनची टेस्ट असते म्हणे, करून घेऊ का?

केतकी_ल:
हो, तो जीन खरंच महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या टीमने दाखवलं की या जीनच्या प्रोटीनमध्ये १४८ व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं आलं की लिव्हरमध्ये चरबी साठते. ते बदललेलं प्रोटीन चरबीच्या थेंबांवरच चिकटून राहतं आणि चरबी नीट वितळत नाही, मग सूज, फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक धागे), सिरॉसिस आणि काहींना कॅन्सर. आई आणि वडील दोघांकडून हा बदल आला तर धोका जास्त. पण वजन वाढलेलं असेल तर हाच जीन जास्त त्रास देतो, म्हणजे बरंचसं आपल्या हातात आहे. आणि एचएसडी१७बी१३ नावाच्या जीनमधला एक बदल तर उलट लिव्हरला सांभाळतो, त्यामुळे एका जीनवरून भविष्य ठरवू नका प्लीज.

माळरान:
दोन सख्ख्या भावांना लिव्हरचा आजार म्हटल्यावर मी आधी हिपॅटायटिस बी हा लिव्हरचा व्हायरस बघेन. बाळंतपणात आईकडून मुलांना जातो तो, म्हणून एकाच घरात अनेकांना असतो आणि लोकांना वाटतं आनुवंशिक आहे. यात सिरॉसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो. एचबीएसएजी ही साधी रक्ताची टेस्ट आहे, घरातल्या सगळ्यांची करा, ज्यांना लागण झालेली नाही त्यांना लस द्या.

सह्यवारा:
बाबांची निगेटिव्ह होती. काकांची केली का ते माहीत नाही, आजच विचारतो.

केतकी_ल:
विचाराच. आणि तुम्ही जीन टेस्टच्या आधी फायब्रोस्कॅन करा, लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळतं. जीनचा रिपोर्ट काहीही आला तरी आत्ता करायचं तेच आहे, शुगर ताब्यात, दारू नाहीच, आणि वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवलं की सूज बऱ्याच जणांची कमी होते. काकांना सिरॉसिस आहे ना, मग त्यांची दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ताची टेस्ट चुकवू नका, गाठ लहान असताना सापडली तर उपाय करता येतात.

माळरान:
+१, काकांचं आधी बघा.