मदत हवी आहे: भाच्याकडून फ्रेमवर्क लॅपटॉप मागवू की इथेच जुना थिंकपॅड घेऊ?

मंडळी, माझा चार वर्षांचा लॅपटॉप परवा गेला. चार्जरचा दिवा लागतो, स्क्रीन काळी ती काळीच. तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून दाखवलं: रॅम खराब, आणि ती बोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली. "ताई, अख्खा बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाचा भाव ऐकून लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला. याच्या आधीच्या जाडजूड लॅपटॉपात रॅम मी स्वतः बसवली होती हो! दोन क्लिपा बाजूला केल्या की पट्टी वर येते, संपलं. आता सगळं पातळ हवं ना लोकांना.

पुन्हा असलं काही घ्यायचं नाही, एवढं पक्कं. काम पुस्तकांच्या मांडणीचं, विंडोजवर.

भाचा डिसेंबरात म्युनिकहून येतोय. तो म्हणतो फ्रेमवर्क १३ घे. रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), बॅटरी, कीबोर्ड, सगळं एका स्क्रूड्रायव्हरने निघतं आणि तो स्क्रूड्रायव्हर डब्यातच येतो. २०२१च्या पहिल्या मॉडेलच्या सांगाड्यात नंतरचे मदरबोर्डही बसतात, हे मला फार आवडलं. त्याने बर्लिनचा एमएनटी रिफॉर्म हा लॅपटॉपही सुचवला होता. त्याची सर्किटं उघड प्रसिद्ध केलेली आहेत, म्हणजे खरं ओपन हार्डवेअर तेच. पण तो लिनक्सवर चालणारा, प्रोसेसरही वेगळ्या जातीचा (एआरएम). माझ्या विंडोजच्या सॉफ्टवेअरचं काय करू?

दुसरा पर्याय २०१८चा थिंकपॅड टी४८० सेकंडहँड. रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी तर झाकण न उघडता निघते, आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. त्याच्यानंतर आलेला टी१४ पाहिला, तर अर्धी रॅम पुन्हा सोल्डर!

आता प्रश्न. पुण्यात कोणी फ्रेमवर्क वापरतंय का? बिघडला तर पार्ट कसे मागवता, किती दिवस लागतात? बाहेरून येणाऱ्या १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो हे माहीत आहे, पण भाच्याकडे स्वतःचाही असणारच. विमानतळावर दोन लॅपटॉपांवरून कोणाला अडवलंय का? आणि टी४८० घेतलाच तर दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासू? टाइप-सी पोर्ट आणि बिजागऱ्या माझ्या यादीत आहेत.

"मॅक घे" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. त्यातही रॅम सोल्डरच आहे.