अल्काराझ बघून मुलीची शाळा सोडवायची का?

पार्लेकर बाबा

रविवारी रात्री आमच्या घरात तीन जागरणं एकदम चालू होती. लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे रखडलं होतं, ते रात्री एकदाचं झालेलं टीव्हीवर पाहिलं. मग ग्रहण लागलं म्हणून आई पाणीसुद्धा न पिता जपमाळ घेऊन बसली. आणि साडेअकराला सुरू व्हायची यूएस ओपन टेनिसची २०२५ची फायनल ट्रम्पसाहेबांच्या बंदोबस्तापायी बारा वाजून गेल्यावर सुरू झाली. अल्काराझने सिनरला चार सेटमध्ये गुंडाळला तेव्हा तीन वाजत आले होते. बाविसाव्या वर्षी सहावं ग्रँड स्लॅम, वर पहिला नंबर परत. आमची तेरा वर्षांची मुलगी सोफ्यावर अर्धी झोपेत होती, तिने विचारलं, "बाबा, माझ्याएवढा असताना हा कुठे होता?"

धागा काढायचं कारण हा प्रश्न. ती आठवीत आहे, सात वर्षांची असल्यापासून खेळते, १४ वर्षांखालच्या स्पर्धांत राज्यात बऱ्यापैकी नाव आहे. कोच म्हणतात, दिवाळीपर्यंत काय ते ठरवा. नववीपासून नेहमीची शाळा बंद, दहावी एनआयओएस या मुक्त शाळेतून बाहेरून, आणि दिवसाला दोन सेशन. "अल्काराझ एकोणिसाव्या वर्षी जगात पहिला होता, तुम्ही पंधराव्या वर्षी सुरुवात करणार का?" हे त्यांचं वाक्य.

तर तेराव्या वर्षी अल्काराझ एल पाल्मारमध्येच होता. मुर्सिया शहराला लागून असलेलं गाव. वडील तिथल्याच क्लबात टेनिस शिकवायचे. त्यांना स्वतःला व्यावसायिक खेळाडू व्हायचं होतं, पैशांअभावी राहिलं. मुलगा दहा वर्षांचा असताना क्रोएशियातल्या स्पर्धेला पाठवायलाही खिशात नव्हते, तेव्हा त्या भागातल्या एका पुडिंग-मिठाईच्या कंपनीच्या मालकाने खर्च उचलला. एकेकाळचा अव्वल खेळाडू फेरेरो कोच म्हणून आला तेव्हा पोरगा पंधराचा. सोळाव्या वर्षी रिओत पहिली मोठी मॅच जिंकला. अठराव्या वाढदिवशी, ५ मे २०२१ला, माद्रिदमध्ये नदालने त्याला ६-१, ६-२ असा धुतला. बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने त्याच माद्रिदमध्ये त्याने नदालला हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी जोकोविचला.

आपण बोलतो ते त्या दुसऱ्या माद्रिदबद्दल. मला पहिलं माद्रिद दिसतं. तो मुलगा वर्षानुवर्षं हरत होता आणि त्या हरण्याचं बिल कोणीतरी भरत होतं. वडील, क्लब, मिठाईवाला, नंतर स्पॉन्सर. माझ्या मुलीच्या हरण्याचं बिल मी भरतो, आणि माझ्यामागे घराचा हप्ता आहे. म्हणून माझं मत: शाळा सोडवायची नाही. ज्यांना उलट वाटतं त्यांनी जरूर सांगा.

टायब्रेक

उलट वाटतं. चांगलंच उलट वाटतं.

बाबा, तुम्ही हिशेबाला सिद्धांताचं नाव दिलंय. स्पेनमध्ये क्लब गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक क्लबात कोणाचा ना कोणाचा बाप कोच आहे. मग अल्काराझ एकच का? क्लबाने चॅम्पियन होत असते तर आपल्या जिमखान्यांतून नुसती रांग लागली असती.

बरं, ज्याला त्याने रविवारी हरवलं तो सिनर घ्या. इटलीच्या डोंगरातला. वडील स्की लॉजमध्ये स्वयंपाकी, आई तिथेच वेट्रेस. घरात टेनिसचा गंध नाही, पोरगा लहानपणी स्कीइंगमध्ये मोठमोठी बक्षिसं मारत होता. तेराव्या वर्षी ते सोडलं आणि घरापासून कित्येक तास दूर अकॅडमीत गेला. तेराव्या! तुमच्या मुलीचंच वय. त्याच्या आईबाबांनी आधी धागा काढला असता तर आज तो झकास स्की शिकवत असता.

आणि खुद्द मुंबईत बसून हे बोलताय? यशस्वी जयस्वाल आझाद मैदानात तंबूत राहिला. विरारची पोरं पहाटेच्या लोकलमध्ये किट घेऊन उभी असतात, दारातून आत शिरायला जागा नसते. त्यांच्यामागे कोणता मिठाईवाला होता?

मी स्वतः १८ वर्षांखालपर्यंत खेळलो. घरच्यांनी "आधी बारावी" म्हटलं. बारावी झाली, इंजिनियरिंग झालं, आता ऐरोलीत बसून दुसऱ्यांच्या मॅचचे स्कोअर रिफ्रेश करतो.

कॅरमप्रेमी

आमचा मुलगा कॅरम खेळतो. स्ट्रायकर तीनशे रुपये. शाळा चालू आहे. (हलकेच घ्या.)

मार्करचा मुलगा

टायब्रेक, बाकी सगळं ठीक, क्रिकेटचं उदाहरण मागे घ्या. आझाद मैदानाला कुंपणाचं दार नाही. टेनिस कोर्टाला असतं आणि दाराशी वॉचमन असतो.

माझे वडील शहरातल्या एका जिमखान्यात बावीस वर्षं मार्कर होते. माहीत नसलेल्यांसाठी: मेंबरला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं, त्याला जमतील असे बॉल द्यायचे, आणि तो जिंकल्यासारखा घरी जाईल हे बघायचं. पहाटे साडेचारला कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पट्ट्या ब्रशने साफ करायच्या. मेंबर सहाला येत. सव्वापाच ते सहा एवढा वेळ माझा. बॉल असे की लव गेलेली, टप्पा पडला की कुठेही जाणारे. पण त्यानेच माझी नजर तयार झाली असं वडील म्हणायचे. साहेब लोकांपैकी कोणी लवकर आलं तर पॉइंट चालू असला तरी बाजूला व्हायचं. ४०-३० वर सर्व्हिससाठी बॉल वर फेकलेला आणि वडिलांनी मागून हाक मारली, "चल, साहेब आले." तो बॉल मी हातात झेलला. तो पॉइंट राहिलाच.

जून ते सप्टेंबर मातीची कोर्टं बंद. वर्षाचे चार महिने तिथेच गेले. असोसिएशनची कोर्टं कूपरेजला आहेत, मान्य, पण कांदिवलीच्या मुलाने शाळा करून रोज तिथवर जायचं म्हणजे निम्मा दिवस लोकलमध्ये.

तरीही सांगतो बाबा, मी टायब्रेकच्या बाजूने आहे. माझ्या घरात हा प्रश्न कधी आलाच नाही. पैसे नव्हते, विषय संपला. तुमच्या घरात तो टेबलावर आहे. नुसत्या हिशेबावर तो उचलून ठेवू नका.

लेडीज फर्स्टक्लास

इथे सगळे दादा लोकच बोलतायत म्हणून एका आईचं.

माझ्या मुलीला नववीत शाळेतून काढलं. तेव्हा सोसायटीत सगळ्यांना वाटलं, आता ही सानिया होणार. सोळाव्या वर्षी खांद्याने दगा दिला. आज वीस वर्षांची आहे, फिजिओथेरपी शिकते, दुसऱ्यांचे खांदे बघते. पैसे किती गेले ते मी नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही. गटिंगच बघा, म्हणजे रॅकेटला तारा बसवणं. ती जोरात मारायला लागली तशी दर आठ-दहा दिवसांनी तार तुटायची. स्पर्धेला दोन रॅकेट लागतातच, शिवाय एक तयार.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या वयाच्या स्पर्धांना पहिल्या फेऱ्यांत खुर्चीवर अंपायर नसतो, मुली स्वतःच्या बाजूचे कॉल स्वतः देतात. आईबाप जाळीला नाक लावून उभे. माझी लेक तेरा वर्षांची असताना निर्णायक सेटमध्ये तिने एक बॉल आउट दिला. मॅच जिंकली. आम्ही गाडीत बटाटेवडे खाल्ले, हसलो. रात्री अकराला ती माझ्या पलंगाशी येऊन उभी राहिली, म्हणाली, "आई, तो लाइनवर होता." तिने तसं का केलं असेल? मी जाळीपलीकडून जे तोंड करून बघत होते त्यामुळे, दुसरं काय. शाळा सोडलेल्या मुलीला हरायची सोय राहत नाही. शाळा असती तर सोमवारी बाकावर शेजारीण असती, टेनिसचं काही न कळणारी.

अमेरिकेची कॅप्रियाती १९९० साली चौदाव्या वर्षी फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलला गेली होती. पुढे त्या मुलीचे काय हाल झाले! १९९५ पासून तर महिला टेनिसमध्ये वयाप्रमाणे स्पर्धांच्या संख्येवर बंधनच आलं. चौदाच्या पोरीला जगभर फिरवू नका, हे त्या धंद्यालाच कळलं होतं. आपल्या कोचना कधी कळणार?

टायब्रेक

ताई, हे वाचून खरंच गप्प बसलो थोडा वेळ.

पण खांदा शाळेत जाणाऱ्या मुलीचाही जातो. आणि आउट दिलेल्या बॉलचं म्हणाल तर ते शाळेत असतानाही मुलं करतात, फक्त पेपरात.

चर्चगेट स्लो

आकडे नसताना भांडणं छान रंगतात, तरी टाकतो. २०२५ साली विम्बल्डनला पहिल्याच फेरीत हरलेल्याला ६६ हजार पौंड मिळाले. पुरुषांच्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक स्पर्धेत, जिला एम१५ म्हणतात, अख्ख्या स्पर्धेची बक्षिसाची रक्कम १५ हजार डॉलर. म्हणजे विम्बल्डनला एक मॅच हरून मिळतं ते अशा पाच अख्ख्या स्पर्धांच्या एकूण बक्षिसांपेक्षा जास्त. खालच्या पायरीवर जिंकूनही विमानाचं तिकीट निघत नाही.

सुमित नागल भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता तेव्हा, २०२३ साली, त्याने सांगितलं की खात्यात ९०० युरो उरलेत. एका वर्षाचा खर्च कोटीच्या घरात. देशातल्या पहिल्याची ही गत, तर राज्यातल्या दहाव्या नंबरच्या मुलीची काय असेल? बाबांशी सहमत.

टायब्रेक

नागलची अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते बोलल्यानंतर चार महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनला त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं. एकेरीत ग्रँड स्लॅमला मानांकित खेळाडू हरवणारा ३५ वर्षांतला पहिला भारतीय, १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतरचा. ९०० युरोवर थांबला असता तर?

आणि २०२५च्या फेब्रुवारीत आपल्या सीसीआयला, म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियमच्या क्लबात, कोइमतूरची माया राजेश्वरन, वय पंधरा, मुंबई ओपनच्या सेमीफायनलपर्यंत गेली. मी ब्रेबॉर्नला होतो, डबा तिथेच खाल्ला. पुढे ती नदालच्या अकॅडमीत गेली. तिच्या घरच्यांनीही कधीतरी हप्ते मोजलेच असतील की!

चर्चगेट स्लो

एक माया दिसते. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत हरलेल्यांची नावं सांगता का?

टायब्रेक

नाही सांगता येत. पण अल्काराझचं एक सांगतो, मग झोपतो. २०२५च्या जूनमधली पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, फायनल. चौथ्या सेटमध्ये अल्काराझ ३-५, ०-४० असा मागे. सिनरला विजेतेपदाच्या तीन संधी, एकही साधली नाही, आणि शेवटी जिंकला अल्काराझ. पाच तास एकोणतीस मिनिटं. आपल्याकडे साडेसहाला सुरू झालेली मॅच बारानंतर संपली, माझी बायको मधल्या वेळात भावाकडे जेवून परत आली. त्या ०-४० ला ना क्लब होता, ना मिठाईवाला.

पार्लेकर बाबा

टायब्रेक, तिथेच तर होते हो सगळे. ०-४० ला हात थरथरला नाही कारण हरला असता तरी त्याचं काही जाणार नव्हतं. आधीच चार ग्रँड स्लॅम खिशात होती, घर चालत होतं. आमची १३ वर्षांची मुलगी ०-४० ला उभी राहते तेव्हा तिला माझा चेहरा दिसतो. लेडीज फर्स्टक्लास ताईंनी लिहिलं ते वाचून काल मी आरशात जाऊन तोंड बघून आलो. बायको म्हणाली, आता कळलं?

मुलीला विचारलं हेही सांगतो, नाहीतर कोणीतरी विचारणारच. म्हणाली, "शाळा हवीय." का? तर गुरुवारी शेवटचा तास मोकळा असतो आणि एक मैत्रीण थालीपीठ आणते. मग म्हणाली, "आणि टेनिस पण हवंय, पण तुम्ही जाळीजवळ उभं राहायचं नाही."

कोचना सांगितलं, दहावीपर्यंत शाळा नेहमीचीच, सकाळचं एक सेशन वाढवतो. ते नाराज आहेत. म्हणाले, मग मला कोर्टाची वेळ देता येणार नाही, सकाळ भरलेली आहे. तिथे अडकलोय. पाऊस आहे तोवर मातीची कोर्टं तशीही बंदच.

टायब्रेक

म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. माझ्या घरच्यांनीही असंच केलं होतं. आय होप की मी चुकीचा ठरेन.

मार्करचा मुलगा

बाबा, मी कांदिवलीत एका सोसायटीच्या कोर्टावर शिकवतो. सिमेंटचं आहे, पाऊस थांबला की वायपर मारून वीस मिनिटांत खेळता येतं. बॉल जुने आहेत. रविवारी घेऊन या तिला.

पार्लेकर बाबा

नक्की येतो. किती वाजता?

मार्करचा मुलगा

पाचला. सहाला मेंबर येतात. तुम्ही गेटबाहेर चहा घ्या, टपरी उघडी असते.