मित्र रागावलाय की विसरलाय? ‘कर्ब’ बघून आठवलेले अनुभव लिहा

‘कर्ब युअर एन्थुझिअ‍ॅझम’ परत पहिल्यापासून बघतेय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, अमेरिकन विनोदी लेखक-नट लॅरी डेव्हिडची एचबीओ चॅनेलवरची मालिका, २००० ते २०२४, १२ सीझन, त्यात तो लॅरी डेव्हिड म्हणूनच वावरतो. लॅरी जिथे जाईल तिथे मनातलं बोलून टाकतो आणि मग अशी पंचाईत होते की आपल्यालाच तोंडावर उशी घ्यावीशी वाटते. संवाद लिहिलेले नसतात, काय घडणार एवढंच ठरलेलं, बाकी सगळे तिथल्या तिथे बोलतात, म्हणून ती भांडणं इतकी खरी वाटतात.

पण या वेळी मला त्यातली मैत्रीच जास्त दिसतेय. लॅरी आणि त्याचा मित्र रिचर्ड लुईस बघा ना, तोही विनोदी कलाकार आणि मालिकेत स्वतःच्याच नावाने. खऱ्या आयुष्यातही दोघं १९४७ साली ब्रुकलिनमधे तीन दिवसांच्या अंतराने जन्मलेले, लहानपणी समर कॅम्पला भेटलेले. मालिकेत सतत तणतणतात, आणि प्रत्येक भांडणाच्या खाली एकच प्रश्न असतो, मी तुझ्या लेखी कोण आहे? आपण हे विचारतच नाही. “काही नाही गं, ठीके” म्हणतो आणि वर्षभर फोन करत नाही. तुमच्या बाबतीत असं झालंय का, लिहा.

नाशिककर
कॉलेजच्या मित्रांचा आमचा ग्रुप आहे, त्यातल्या एकाने फोटो दाखवायला मोबाईल हातात दिला आणि वर दिसलं की मला वगळून दुसरा ग्रुप आहे, त्यात लडाखचं प्लॅनिंग चाललंय. रात्रभर झोप नाही. सकाळी टपरीवर सरळ विचारलं, मी नकोय का तुम्हाला? सगळे चहाच्या ग्लासात बघायला लागले. मग एक जण म्हणाला, तुझी नोकरी गेलीय, तुला खर्चाचं कसं विचारायचं तेच कळेना. म्हणजे मी इकडे कुढतोय आणि ते तिकडे अवघडलेत! लडाखला गेलो नाही, पण तो दुसरा ग्रुप त्याच दिवशी डिलीट झाला.

बे एरिया
शेवटच्या सीझनमधे रिचर्ड लॅरीला सांगतो की तुझं नाव मृत्युपत्रात घातलंय, आणि लॅरी नको नको म्हणून वाद घालतो. लुईस फेब्रुवारी २०२४ मधे गेले, मालिका तेव्हा चालूच होती, त्यामुळे तो सीन आता बघवत नाही.
आमचं उलटं झालं. इथे अमेरिकेत लहान मुलं असलेले लोक मृत्युपत्रात लिहून ठेवतात, आम्हा दोघांना काही झालं तर मुलं कोणाकडे. आमच्या अगदी घरच्यासारख्या मित्रांनी दुसऱ्याच जोडप्याचं नाव दिलं, ते आम्हाला पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) तिसऱ्याच कोणाकडून कळलं. नवऱ्याने भांडी आवरताना विचारलंच, “आम्ही का नाही रे?” मित्र म्हणाला, “तुम्ही दर दिवाळीला परत जायचं म्हणता, पोरीला इथली शाळा सोडायला लावू का?” उत्तर बरोबर होतं तरी लागलं. अजून लागतं. पण तेव्हापासून आमच्यात गुळमुळीत बोलणं संपलंय, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

कोथरूड
लॅरीला रस्त्यात थांबून गप्पा मारायला आवडत नाही हे मला पटतं, पण समोरचा आपल्याला बघून नुसता हात हलवून पुढे गेला की दिवसभर डोक्यात तेच.

कोल्हापूरकर
तिसऱ्या सीझनचा शेवट कोणी लिहिला नाही अजून? लॅरीच्या रेस्टॉरंटचं ओपनिंग, शेफला टुरेट्स आहे (मनात नसताना आवाज, शब्द निघून जातात तो आजार), त्याच्या तोंडून भर गर्दीत शिव्या जातात, सगळं हॉटेल गप्प. आणि लॅरी स्वतः शिव्या द्यायला लागतो, मग त्याचा मॅनेजर आणि मित्र जेफ, मग एकेक करत सगळेच. मला रडू येतं तिथे.
आमच्या मित्राच्या लग्नात असंच झालेलं. तो बोलताना अडखळतो. उखाणा घ्यायला लावला आणि बायकोच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरच अडकला, हॉल चिडीचूप, त्याच्या सासऱ्यांची मान खाली. तेवढ्यात मागून आमच्यातला एक ओरडला, “थांब लेका, आधी माझा ऐक!” आणि स्वतःच्या बायकोचं नाव घेतलं, यमक जुळलं नाही तरी टाळ्या. मग मी घेतला, मग नवऱ्याच्या मामांनी, मग सत्तरीतल्या एक आजी उठल्या, पंगत थांबली पण उखाणे थांबेनात. या गोंधळात त्याने शांतपणे आपला उखाणा पूर्ण केला, बायकोलाच फक्त ऐकू गेला असेल. आम्ही यावर त्याच्याशी कधी बोललो नाही आणि बोलायची गरजही नाही.

एक वाचक
सगळं मान्य, पण लॅरीकडे पैसा आहे, वय आहे, तो पुरुष आहे. तेच मी ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हटलं की मला न सांगता जेवायला का गेलात, तर मीच भांडखोर ठरले. म्हणून मला सूझी ग्रीन आवडते, जेफची बायको. ती लॅरीला शिव्या घालून घराबाहेर काढते आणि पुढच्या जेवणाला तो तिच्याच टेबलावर असतो. माझी शाळेतली एक मैत्रीण अशी आहे, तिच्यासमोर मला काहीही बोलता येतं, बाकीच्यांपुढे मी अजून जपूनच बोलते.