ट्रेलरच्या टायरात नायट्रोजन भरायचा का? आज ३ पर्यंत कळवा

मंदार (साहित्य समिती):

नमस्कार मंडळी,
मंडळाचा ट्रेलर कॅन्टनच्या (मिशिगन) टायरवाल्याकडे लावलाय. बेअरिंगला ग्रीस आणि मागचे दोन दिवे एवढंच काम होतं, पण आत्ता त्याचा फोन आला की स्टेपनी धरून पाचही टायरात हवा कमी आहे, भरतोच आहे तर नायट्रोजन भरू का म्हणून विचारतोय, टायरमागे १२ डॉलर म्हणजे ६० झाले. गणपतीच्या वेळी आय-२७५ हायवेवर ट्रेलरचा टायर गेला, तसं परत नको म्हणून मी हो म्हणणारच होतो, पण ५० च्या वर खर्च गेला की खजिनदारांना विचारायचं असं ठरलंय, म्हणून मेल टाकतोय. दुकान ५ ला बंद होतं, शनिवारी संक्रांत, शुक्रवारी संध्याकाळी पातेली, स्पीकर, हळदीकुंकवाची टेबलं सगळं भरायचंय. लवकर सांगा.

वैशाली (खजिनदार):

मंदार, बेअरिंग आणि दिवे मंजूर आहेत, मागच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये आहे ते. नायट्रोजन नाही. हवा फुकट किंवा फार तर दोन डॉलरमध्ये मिळत असताना ६० डॉलर कशासाठी द्यायचे हे मला सभासदांना सांगता आलं पाहिजे. हॉलचं भाडं यंदा वाढलंय, वाणाच्या वस्तूंसाठी आम्ही एकेक डॉलर मोजतोय. ज्यांना यातलं खरोखर कळतं त्यांनी लिहा. प्रभाकरकाका, तुम्ही वाचताय का?

निलेश:

माझं मत नायट्रोजनला. माझ्या गाडीला डीलरनेच भरून दिला होता, त्या हिरव्या टोप्या असतात ना व्हॉल्व्हवर, त्या. गेला अख्खा हिवाळा डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लागला नाही. बायकोच्या गाडीत साधी हवा, तिचा पहिल्या थंडीतच लागला. विमानात नायट्रोजन, रेसच्या गाड्यांत नायट्रोजन, काहीतरी कारण असेल ना. ६० डॉलरसाठी पुन्हा हायवेच्या कडेला मखर उतरवायची वेळ यायला नको.

प्रभाकरकाका:

वैशाली, वाचतोय. जरा लांब लिहितो, कारण हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला फोनवर विचारतं. नोकरीत असताना मी टायर-चाकांच्या टेस्टिंगमध्येच होतो.

> विमानात नायट्रोजन, रेसच्या गाड्यांत नायट्रोजन

निलेश, विमानाचं कारण वेगळं आहे. उतरताना ब्रेक लावले की चाक भयंकर तापतं, टायरच्या आतल्या रबरातून वाफा निघतात, आणि आत ऑक्सिजन असेल तर टायरचा स्फोट होऊ शकतो. १९८६ च्या मार्चमध्ये मेक्सिकाना विमान कंपनीचं बोइंग ७२७ असंच पडलं, १६७ माणसं गेली, त्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. म्हणून मोठ्या विमानांच्या ब्रेकवाल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको असा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचा, नियम आहे. रेसवाल्यांना कोरडा वायू हवा असतो, कारण आत पाण्याची वाफ असली की टायर तापल्यावर प्रेशर किती वाढेल याचा हिशोब चुकतो. आपला ट्रेलर मखर आणि मसालेभाताची पातेली घेऊन कॅन्टनहून नोव्हायला जातो. त्याला यातलं काही लागू नाही.

आता आपल्या कामाचं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, २१ टक्के ऑक्सिजन. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो हे खरं आहे, म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही. पण फरक किती? कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने ३१ मॉडेलचे टायर जोडीने घेऊन, एकात हवा आणि एकात नायट्रोजन ३० पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) भरून वर्षभर उघड्यावर ठेवले होते. वर्षाच्या शेवटी हवावाले सरासरी साडेतीनने उतरले, नायट्रोजनवाले २.२ ने. वर्षात सव्वा पीएसआयचा फरक. आणि दोन्ही उतरले, म्हणजे प्रेशर मोजायचा गेज दोन्हीला लावायलाच लागतो.

थंडीचं म्हणाल तर तिथे नायट्रोजनचा काहीएक उपयोग नाही. तापमान उतरलं की कुठलाही वायू आकसतो. कारच्या टायरला तापमान दर १० डिग्री फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी धरा. ट्रेलरच्या टायरात ५० भरतो, तिथे सव्वा होतो. म्हणजे ऑगस्टात ८० डिग्रीला बरोबर ५० भरलेला टायर जानेवारीत १० डिग्रीला साडेएक्केचाळीसच्या आसपास दाखवणार, काहीही न गळता. मंदारला दुकानदाराने सांगितलेलं "हवा कमी आहे" त्यातलं बरंचसं हे असणार.

निलेश, तुझी गाडी गराजमध्ये असते, बायकोची ड्राइव्हवेवर. तो दिवा प्रेशर ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेलं की लागतो. सप्टेंबर २००७ पासून इथे सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, पण ट्रेलरला नाही. ट्रेलरचा टायर बसला तर सांगणारं कोणी नाही. मला काळजी त्याची आहे.

आणखी एक. रिकाम्या टायरमध्येसुद्धा साधी हवा भरलेलीच असते, बाहेरच्या दाबाइतकी. त्यामुळे एकदा नायट्रोजन भरून, सोडून, परत भरला तरच आतलं प्रमाण ९५ च्या पुढे जातं. हा माणूस तसं करणार आहे की आत्ता आहे त्याच्यावर नुसतं टॉपअप करणार आहे, हे विचार मंदार. नुसतं टॉपअप असेल तर ६० डॉलर कशाचेच नाहीत.

सुनीता काकू:

प्रभाकरभावजींनी छान समजावलं. आमच्या भावाने पुण्यात नायट्रोजनच भरायला सुरुवात केली आहे, पंपावर टायरमागे थोडे पैसे घेतात, साधी हवा फुकट असते. तो नागपूरला समृद्धीवरून जातो आणि तिकडे सगळे हेच सांगतात म्हणे, उन्हाळ्यात विदर्भात काँक्रीटचा रस्ता, टायर तापून फुटतात, नायट्रोजन भरा. २०१९ साली गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं ना, टायरच्या रबरात सिलिकॉन आणि आत नायट्रोजन हे सक्तीचं करायचा विचार आहे म्हणून. मग ते चूक कसं असेल? मी फक्त विचारतेय, मला गाडीतलं कळत नाही, पण भाऊ दर महिन्याला तिघांना घेऊन त्या रस्त्याने जातो आणि मला इथे झोप लागत नाही.

अमोल:

काकू, समृद्धीवर माझा चुलतभाऊ सारखा असतो, संभाजीनगर ते नागपूर. तिथे टायर फुटतात ते बहुतेक गुळगुळीत झालेले, कमी हवा असलेले, वर गाडीत माणसं आणि सामान गच्च, आणि स्पीड १२० किंवा त्याच्या वर. सरळसोट रस्ता, तासन् तास पाय काढायला लागत नाही. टायर कमी हवेत पळाला की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि त्यानेच तो तापतो, आत कुठला वायू आहे त्याने काही होत नाही. २०२३ मध्ये आरटीओवाले एन्ट्रीलाच टायर बघायला लागले होते, झिजलेले असले तर गाडी परत. भावाला सांगा निघायच्या आधी, टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढंच प्रेशर ठेव, माणसं जास्त असतील तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो तो बघ. आणि कडक उन्हात चालवून तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा सोडायची नाही, तिकडे हे फार करतात.

वैशाली (खजिनदार):

समृद्धीचं सगळं महत्त्वाचं आहे पण दोन वाजलेत. काकांच्या मेलवरून नायट्रोजन नाही असं मी धरतेय. मंदार, साधी हवा भरून घे.

आणि साहित्य समितीने दुकानातून आयत्या वेळी विचारायचं आणि आम्ही तासाभरात हो-नाही करायचं, हे दर वेळी होतंय. ट्रेलरचा वर्षाचा खर्च एकदाच सप्टेंबरमध्ये लिहून द्या.

मंदार (साहित्य समिती):

ताई, आयत्या वेळी नाही, दुकानदाराने आज पाहिलं म्हणून आज विचारलं. ट्रेलर माझ्या ड्राइव्हवेवर असतो, त्याच्यावरचा बर्फ मी काढतो, ताडपत्री मी बांधतो. तो सुरक्षित चालला पाहिजे एवढीच माझी तळमळ आहे.

काका, विचारलं. तो नुसतं टॉपअपच करणार होता. नको म्हटलं.

निलेश:

कॉस्टकोत टायर घेतले की ते नायट्रोजनच भरून देतात, वेगळे पैसे घेत नाहीत. फुकट मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही ना काका?

प्रभाकरकाका:

फुकट असेल तर जरूर घे, तोटा काहीच नाही. गावाला जाताना कमी झाला तर त्याच्यावर साधी हवा बिनधास्त भर, नायट्रोजन शोधत कमी प्रेशरवर पळवू नकोस. हिरवी टोपी बघून लोक हवा भरायला घाबरतात, ते जास्त धोक्याचं.

मंदार, आता मला खरं सांग, त्या टायरांवर तारीख काय आहे? बाजूला डीओटी अक्षरांनंतर लांबलचक नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात, खाली वाकून टॉर्च मारावा लागेल. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वय होऊन जातात. वरून नक्षी कोरी करकरीत दिसते आणि आतला थर सुटायला लागलेला असतो. गणपतीत जो गेला त्याची नक्षी उत्तम होती, मी स्वतः हात लावून बघितलाय.

मंदार (साहित्य समिती):

दुकानात येऊन बघितलं. गणपतीनंतर बदललेला ४१२३. बाकी तीन आणि स्टेपनी, चौघांवर २३१६. नक्षीच्या खाचांच्या बुडाशी बारीक भेगा आहेत, नखाने रबर दाबलं की उघडतात. फोटो जोडलेत.

प्रभाकरकाका:

२०१६ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनी बदलावेत असा सर्वसाधारण सल्ला असतो, हे तर फारच पुढे गेलेत. फोटो बघितले. वैशाली, पैसे वाचवायचे असतील तर नायट्रोजनमध्ये वाचले, पण हे टायर मात्र बदला. या तिघांवर तो ट्रेलर हायवेला नेऊ नका, रिकामासुद्धा.

वैशाली (खजिनदार):

फोटो मीही बघितले. बदलायला हवेत, माझं त्याला पूर्ण समर्थन आहे, मागून येणाऱ्या गाडीत कोणाची तरी मुलं असतात. चारशेच्या आसपास जाईल ना? अध्यक्षांना आत्ता फोन केला, त्यांची मंजुरी आहे, मीटिंगमध्ये नंतर नोंद करू. तीन आज, स्टेपनी पुढच्या महिन्यात. पावतीवर टायरचा साइज आणि तारखेचे आकडे लिहून घे, म्हणजे पुढच्या समितीला कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको.

मंदार (साहित्य समिती):

त्याच्याकडे २०५/७५ आर १४, लोड रेंज (वजन पेलायचा वर्ग) सी, तीन आहेत, आकडे मी स्वतः वाचून घेतले, तिन्ही गेल्या वर्षीचे. बसवायला उद्या दुपार होईल म्हणतोय. साधी हवा ५०. चांगला गेज मी आणतो, त्याचे पैसे नकोत, तो ट्रेलरच्या पुढच्या पेटीत राहील आणि नेणाऱ्याने निघताना चारही चाकं बघायचीच. शुक्रवारी बेक रोडने जाऊया, आय-२७५ नको.

सुनीता काकू:

अमोल, भावाला तुझी मेल फॉरवर्ड केली. स्टिकर सापडलं म्हणाला, ड्रायव्हरच्या दाराच्या आत. मंदार, त्या टेबलांवर घालायच्या चादरी माझ्याकडे आहेत, ट्रेलरमध्ये शोधू नका.

अमोल:

शुक्रवारी माझा ट्रक घ्या, मी साडेपाचला येतो. पण माझ्या हिचवर (ट्रकमागे ट्रेलर जोडायची जागा) २ ५/१६ इंची बॉल आहे, आपल्या ट्रेलरचा कप्लर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, २ इंची ना? तसाच लावला तर बसणारच नाही.

मंदार (साहित्य समिती):

हो, २ इंची. बॉल आणि पिन वैशालीताईंच्या गराजमध्ये निळ्या डब्यात आहे, दिव्यांच्या माळांखाली. ताई, उद्या सकाळी घेऊन जातो.