खऱ्या गुन्हेकथा जमतात, युद्धानंतरच्या हकिगती जमत नाहीत. तुम्ही कशा वाचता?

निशाचर
खुनाच्या खऱ्या हकिगती मी रात्र रात्र जागून वाचते. खुनी कोण हे पहिल्याच पानावर कळलं तरी हरकत नसते. युद्धानंतरचं काही हातात घेतलं की मात्र गाडी अडते. आत्ता जॉन हर्सीचं 'हिरोशिमा' घेतलंय. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. ऑफिसातली एक कारकून मुलगी शेजारणीशी बोलायला मान वळवते आणि मागची पुस्तकांची कपाटं तिच्या अंगावर कोसळतात. लेखक एक शब्द चढ्या आवाजात बोलत नाही. तिथेच थांबले.

भीती वाटली असं नाही. गुन्हेकथेत तपास होणार, खटला चालणार, काहीतरी निकाल लागणार, एवढा तरी आधार असतो. इथे कशाची वाट बघायची? आणि दुसरं म्हणजे, 'सत्यकथा' म्हणून छापलेल्यात सत्य किती, हे कसं ओळखता?

('मन घट्ट कर' नको. ते आईने सांगून झालंय.)

जुना_वाचक
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' वाचलंच असशील. १९५९, कॅन्ससमधलं होलकोम, एकाच घरातले चार खून, आणि हाती लागले पन्नास डॉलरही नाहीत. यातला शब्दन्‌शब्द खरा, असं कपोटी छातीठोकपणे सांगायचा. मुलाखती घेताना टिपणं काढत नसे, सगळं आठवणीतून. आणि शेवटचा तो दफनभूमीतला प्रसंग? तपास अधिकारी आणि मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटतात तो? तसं काही घडलंच नव्हतं.

म्हणून मी आता एकच बघतो: लेखकाला हे कळलं कुठून? बंद खोलीतला संवाद अवतरणचिन्हांत दिसला की माझी भुवई वर जाते. शिवाय त्या पुस्तकात मारेकऱ्यांच्या बालपणाला किती पानं मिळालीत बघ. त्या घरच्या दोन थोरल्या मुली दुसरीकडे राहायच्या म्हणून बचावल्या. त्यांच्या वाट्याला किती आलीत तेही बघ.

मृण्मयी_के
युद्धातही खटले असतात की! माजी युगोस्लाव्हियासाठीचं हेगचं न्यायाधिकरण १९९३ ते २०१७ चाललं, आरोपी १६१. स्लावेंका द्राकुलिचचं 'दे वुड नेव्हर हर्ट अ फ्लाय' त्याच आरोपींवर आहे. बाहेर एकमेकांच्या जिवावर उठलेले सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) तिथल्या कोठडीत गुण्यागोविंदाने राहतात, एकत्र स्वयंपाक करतात. ते वाचून मी भयंकर चिडले होते.

पण निकालाचं म्हणशील तर बोस्नियातल्या स्रेब्रेनिचा गावाबद्दल वाच. जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले. पुरावा राहू नये म्हणून काही महिन्यांनी यंत्रं लावून प्रेतं उकरली आणि दुसरीकडे पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत. नातेवाइकांचं रक्त घेऊन डीएनए जुळवायचा, आणि मग घरी निरोप जातो: एवढंच सापडलंय, दफन करायचं की थांबायचं? कुणी करतात, कुणी थांबतात. दफनानंतर आणखी हाडं सापडली तर कबर पुन्हा उघडावी लागते. न्यायालयाचा निकाल लागला तरी त्या आईचं काम संपलेलं नसतं. मला वाचायचं असतं ते हे. गोळी कुणी झाडली यापेक्षा नंतर ओळख पटवायला कोण बसलं, ते.

टिवल्याबावल्या
सगळेच मागे लागलाय, म्हणून सांगतो: नाही झेपत तर नको वाचूस. मेलेल्यांवर काही उपकार होत नाहीत आपल्या वाचण्याने.

मृण्मयी_के
@टिवल्याबावल्या उपकाराचं कोण बोललं? तिने विचारलंय की कसं वाचता.

निशाचर, हर्सीचं शेवटचं प्रकरण आधी वाच. पुस्तक बॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांवर आहे; चाळीस वर्षांनी त्यांचं पुढे काय झालं ते त्यात आहे. त्यातली एक, शिंप्याची विधवा, पाव पोचवते, पेपरचे पैसे गोळा करते, मग डांबरगोळ्यांच्या कारखान्यात लागते. बॉम्बपेक्षा पोटापाण्याचंच जास्त आहे. मग मागे ये.

निशाचर
शेवट आधी! गुन्हेकथावाल्यांत मला वाळीत टाकतील. पण करून बघते. द्राकुलिचही यादीत टाकलंय, चिडायची तयारी आहे.

जुना_वाचक
१९४६ची जुनी आवृत्ती घेऊ नकोस, त्यात ते प्रकरण नाही. ते १९८५ला जोडलंय.