सड्यावरच्या गुरचरणात वृद्धाश्रम: हवा की नको?

सड्याखालचा

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या दोन तट पडलेत. मुंबईतल्या एका संस्थेने सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरची, गुरचरणाची जमीन मागितली आहे, पन्नास-साठ खाटांचा वृद्धाश्रम बांधायला. चोवीस तास नर्स, फिजिओथेरपी, स्वतःची अँब्युलन्स, कागदावर सगळं झकास. गावातल्या म्हाताऱ्यांना सवलत देऊ म्हणतात, पण किती ते लिहून द्यायला कुरकुर चालली आहे. ना-हरकतीचा विषय ग्रामसभेत आला, गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ज्यांना माहीत आहे ते गप्प बसून आहेत. पुढच्या वेळी पंधरा टाळकी जमली तरी ठराव होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वृद्धाश्रम हवा. त्या जागेवर नको.

कारण पाणी. बाहेरून आलेल्याला सडा म्हणजे काळं कातळ आणि वाळकं गवत. पण जांभा आतून भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्यातून मुरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या खालच्या वाडीच्या विहिरी नि पोफळी त्या झऱ्यावर आहेत, मे महिन्यातसुद्धा. आता साठ माणसं, वर कर्मचारी, यांच्या संडास-मोरीचं, रोजच्या धुतलेल्या चादरींचं पाणी त्याच जांभ्यात शोषखड्डा मारून सोडणार. ते कुठे जाणार हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको.

शिवाय पहिल्या पावसानंतर तिथे पांढरी दीपकाडी फुलते. कोकणातले कातळसडे सोडले तर ती जगात कुठे उगवत नाही. हे मी दुसऱ्या नंबरला ठेवतो, कारण फुलाचं नाव काढलं की लोक हसतात.

गावात निम्मी घरं बंद आहेत. ती घ्या की!

चाकरमानी परळ

हसलो नाही. पण दीपकाडी वाचून झाली असेल तर माझ्या आईचंही वाचा.

वय ब्याऐंशी, घरात एकटी. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पडली. शेजारणीला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चुलीचा धूर दिसला नाही म्हणून. मी रात्रीची गाडी पकडून पोचलो तोवर तिचं मांडीचं हाड मोडलंय हे निदान होऊन ती रुग्णालयात खाटेवर होती, आणि पहिलं वाक्य काय, तर "म्हशीक कोणी पाणी दाखवला काय?" मुंबईला आणली होती. दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही चौघं, त्यात ती. तिसऱ्या आठवड्यात हट्ट धरून परत गेली.

हे माझ्या एकट्याचं नाही. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या दहा वर्षांत २.२१ टक्क्यांनी घटली, रत्नागिरीची ४.८२ टक्क्यांनी. महाराष्ट्र वाढत होता तेव्हा आपण घटत होतो. गेलं कोण? आम्ही. उरलं कोण? ते. आणि आता कोणी सोय करायला आलं तर तुम्ही त्याला झरा दाखवता.

बागायतदार

सड्याखालचा, तुमची हापूसची कलमं कुठे आहेत हो? सड्यावरच ना? सुरुंग लावून कातळ फोडला, मातीचे डंपर ओतले, तेव्हा दीपकाडी आठवली नव्हती वाटतं. अख्ख्या देवगडने हेच केलं, आणि बरंच केलं, नाहीतर काय खाल्लं असतं? मग कलमाला सडा चालतो आणि म्हाताऱ्याला चालत नाही?

गुरचरण म्हणता, तर गुरं दाखवा. दूध पिशवीतून येतं. सड्यावर गवत कापायला माणूस मिळत नाही, शेवटी वणवा लागतो.

सड्याखालचा

कलमाच्या खड्ड्यातून खाली जातं ते पावसाचं पाणी, संडासाचं नव्हे. एवढा फरक तुम्हाला कळतो. फवारणीचं काय जातं यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो, माझ्या बागेसकट.

आणि फोडलेला सडा खासगी होता. हे गुरचरण आहे, सगळ्यांचं.

गावकार

एवढी डोकी कशाला फोडता? रवळनाथ देवाक कौल लावा नि मोकळे व्हा.

माजी तलाठी

कौल जरूर लावा, फक्त तो नगररचनेच्या कार्यालयात दाखल करून घेत नाहीत.

कायद्याचं सांगतो. २८ जानेवारी २०११ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्याचा तसा शासन निर्णय निघाला. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२अ आलं. सरकारच्या सार्वजनिक कामालासुद्धा गुरचरण तेव्हाच, जेव्हा दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल. खासगी संस्थेला हवं असेल तर बदल्यात तिने जमीन द्यायची. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव झाला म्हणजे जेसीबी आला, असं नाही. फाईल लांबचा प्रवास करते.

पण सड्याखालच्यांनी "बंद घरं घ्या" असं एका ओळीत उरकलं, तिथे मला थांबावं लागतं. नोकरीत अशी किती घरं पाहिली! ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, घर एकाच्या नावावर, खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं. पणजोबा अजून भोगवटादार, कारण वारस नोंद करायला कोणी आलंच नाही. एक भाऊ बोरिवलीला, एक दुबईला, एका आत्याची मुलं कुठे आहेत हे गणपतीला जमलेल्या कोणालाच ठाऊक नाही. घरात माणूस नाही, पण गणपती बसतो, म्हणून ते विकायचं नाही. भाड्याने द्यायचं तर पहिला चुलता तयार, दुसरा म्हणतो तू भाडं एकटा खाशील. छप्पर कोसळेल, पण सही होणार नाही.

आता सांगा, संस्थेला गुरचरणच का हवं? निसर्गसौंदर्यासाठी नाही. त्याला मालक एक आहे, सरकार. एक सही. आपली सगळ्यांची मोकळी जमीन जाते ती आपल्या चाळीस नावांपायी, हे मला रोज दिसत होतं.

चाकरमानी परळ

आमच्या सातबाऱ्यावर एकतीस आहेत. बोललात ते खरं.

पावसाळी भटका

त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत का कोणी पाहिलं? मालवण तालुक्यातलं कुडोपी २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं. शिल्प सापडलं तर वादच मिटेल.

सड्याखालचा

पोरांनी पालथा घातला सडा. गुराख्यांनी कोरलेला वाघ-बकरीचा पट तेवढा सापडला. त्यावर युनेस्को येणार नाही.

सिस्टर

मी बारा-तेरा वर्षं अशाच ठिकाणी काम केलंय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

बंद घरं सुचवणाऱ्यांनी एकदा व्हीलचेअर घेऊन आपल्याच घरात शिरून बघावं. खळ्यातून पडवीत तीन पायऱ्या, पडवीतून माजघरात उंबरठा, संडास मागच्या दारी, तिकडे जायला शेवाळलेली पाखाडी, दगडी पायवाट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर कंबरेला नि टाचेला जखमा होतात, त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. वजनदार माणूस असेल तर एकट्या बाईला ते जमत नाही, चादरीला दोन्हीकडून धरून दोघींनी वळवावं लागतं. पाच-पाच खाटा तीन घरांत पांगल्या तर रात्रीच्या सहा बायका लागतील. एका छपराखाली पंधरा खाटा असतील तर दोघी-तिघींत भागतं. हा पगाराचा हिशोब आहे, तो चुकला की पहिली कपात रात्रपाळीत होते आणि कूस बदलायची राहून जाते.

आता सडेवाल्यांना. आषाढातला सड्यावरचा वारा माहीत आहे ना? पत्रे उडतात, वीज जाते ती दोन-दोन दिवस. आणि वाडीपासून एवढ्या लांब भेटायला कोण येणार? म्हातारी माणसं औषधावाचून जेवढी खंगत नाहीत तेवढी दाराकडे बघून खंगतात. मी काम केलं ती जागाही अशीच गावाबाहेर, "शांत परिसरात" होती. शांतता नातेवाइकांना आवडायची, ते दोन तासांत परत जायचे.

नातीच्या फोनवरून

(आजी सांगते तसं लिहिते आहे.)

तुमी सगळे इतक्या बोलतास, माका कोणी इचारल्यान नाय. माका सड्यार जावचा नाय. थंय माणूस दिसना नाय, रातीक कोल्हे आरडतत. माका माझ्या वाडीतच रवाक होया. दिसाचा माझा मी करतंय, भात नि कढी रांदूक येता. रातची भीती वाटता. हाक मारली तर ओ देणारा कोण तरी बाजूक होया. श्रावणबाळाचे पैशे येतत, त्यातले देतंय. आणि त्या आश्रमात मासे देतले काय ता पयला इचारा.

बागायतदार

आजी, माशांचा मुद्दा एक नंबर. संस्था शाकाहारी आहे असं ऐकून आहे.

सड्याखालचा

सिस्टर, घरांचं पटलं. तलाठीबुवा, एक सहीच हवी असेल तर बंद पडलेली जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे ना! रस्त्याला लागून, एकमजली, समोर मैदान, विहीर, वर कौलं बदलली की झालं. वाडी हाकेच्या अंतरावर. मासेवाली दारावरून जाते.

माजी तलाठी

शाळा चांगली सुचवलीत. फक्त ती जागा कोणी तरी शाळेसाठी म्हणून दिलेली असणार, बहुतेक ठिकाणी तसंच आहे. शाळा नाही म्हटल्यावर देणाऱ्याचे नातू उभे राहतात. तरी एका कुटुंबाला समजावणं चाळीस नावांपेक्षा सोपं. आधी दानपत्र आहे का ते जिल्हा परिषदेकडून काढा.

आणखी एक. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम १९ आहे: प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा. कायद्याची भाषा "काढू शकेल" अशी आहे, म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही. पण ग्रामसभेत ठराव करायचाच आहे तर तोही करा.

सिस्टर

शाळेत वर्ग किती, तीन? म्हणजे बारा-पंधरा खाटा, त्यापेक्षा जास्त नाही. दारं रुंद करावी लागतील, संडास आत घ्यावा लागेल. होण्यासारखं आहे. पण संस्था तयार होईल का? बारा खाटांत नर्सचा पगार निघत नाही.

बागायतदार

हे बघा, इथे गाडी आली. संस्थेला साठ खाटा का हव्यात? गावात अंथरुणाला खिळलेली माणसं मोजली तर आठ-दहा भरतील. उरलेल्या पन्नास कोणाच्या? पुण्या-मुंबईच्या, महिन्याला भरभक्कम मोजणाऱ्यांच्या. समुद्र दिसणारा सडा त्यांच्यासाठी आहे. याला माझा विरोध नाही, धंदा आहे, गावात दहा पोरींना नोकरी लागेल. पण मग जमीन बाजारभावाने विकत घ्या, माझीही विकायला आहे. सेवेचं नाव सांगून गुरचरण मागू नका.

चाकरमानी परळ

बागायतदार, सकाळी तुम्ही सड्याच्या बाजूने होता ना?

बागायतदार

म्हाताऱ्यांच्या बाजूने होतो. आहे.

चाकरमानी परळ

ठीक. मग माझं ऐका. त्या साठांतल्या पन्नासांच्या पैशावर आमच्या दहांचा खर्च निघत असेल तर मला त्याची लाज नाही. शाळेतल्या बारा खाटा कोण चालवणार? ग्रामपंचायत? तिला पाखाडीचा दिवा बदलायला महिना लागतो. तुम्ही दानपत्र शोधा, वारसांना भेटा, दारं रुंद करा, त्याला दोन पावसाळे जातील. माझी आई तोवर त्याच न्हाणीत उतरणार.

सड्याखालचा

संस्थेने गावच्या दहा खाटा आणि त्यांचे दर करारात लिहून दिले, सांडपाण्याचा बंदिस्त प्रकल्प बसवला आणि बागायतदारांची खासगी जमीन विकत घेतली तर मी स्वतः ठराव मांडतो. या तीनही गोष्टी मी लेखी विचारल्या आहेत. उत्तर आलं की इथे टाकतो. तहकूब सभा लागेल त्या दिवशी मुंबईहून येऊन उपयोग नाही, मतदार यादीत नाव इथलं असेल त्यालाच हात वर करता येईल, तेव्हा ज्यांचं आहे त्यांनी या.

सिस्टर

चाकरमानी, ठराव कुठलाही होवो, आईसाठी आत्ता काय करता येईल ते सांगते. न्हाणीत भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला नळी बसवा, गवंडी अर्ध्या दिवसात करेल. कातळाची घसरडी फरशी घासून खरखरीत करा, रात्रीचा दिवा चालू ठेवा. आणि शेजारणीला धुराची वाट बघायला लावू नका, सकाळ-संध्याकाळ हाक मारायची म्हणून महिन्याला ठरवून पैसे द्या. फुकट सांगितलेलं काम शिमग्यापर्यंत टिकतं.

नातीच्या फोनवरून

आजी विचारते, ती शेजारीण आमच्याकडे पण येईल का.